रोमच्या राज्यातली ग्रीक शहरांची नाणी: स्वतःचा अभिमान की सम्राटाची खुशामत?

नाणेवेडा:
इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातली पेर्गे, सिदे, अनाझार्बस या (आजच्या तुर्कस्तानातल्या) ग्रीक शहरांची ब्राँझची नाणी बघा. मागच्या बाजूला मेज, मेजावर खेळांच्या स्पर्धेतल्या विजेत्याचा मुकुट, चांगला डेऱ्यासारखा फुगीर, आत झावळ्या खोचलेल्या, कधी शेजारी पैशाची थैली पण. राज्य रोमचं पण अक्षरं ग्रीक. मला तरी हा शहराचा अस्सल अभिमानच वाटतो.

मृण्मयी:
आणि पुढच्या बाजूला कोण? सम्राट! कितीतरी स्पर्धांची नावंच सम्राटांवरून, हेड्रियानिया, सेवेरिया वगैरे. सम्राटपूजेचं देऊळ आपल्याकडे आहे हे बिरूद स्मिर्ना शहर तर 'तीनदा' म्हणून नाण्यावर मिरवतं. याला अभिमान कसं म्हणायचं?

टाकसाळकर:
मृण्मयीताई, सम्राटाच्या चेहऱ्याचा तोच ठसा दोन-तीन शेजारच्या शहरांच्या नाण्यांवर सापडतो, म्हणजे एकच कारखाना अनेकांना पुरवत होता. चेहरा रेडीमेड. शहराने डोकं चालवलं ते मागच्या बाजूला, आपला देव, आपली नदी, आपली स्पर्धा, तेव्हा गाव काय म्हणतंय ते तिथेच वाचायला हवं ना.

मृण्मयी:
वाचू की. पण असली बिरुदं टिकवणं कुणाच्या हातात होतं? इ.स. 193-94 मध्ये नायजर आणि सेव्हेरस यांच्यात सम्राटपदासाठी यादवी झाली, त्यात निकेया नगरी नायजरच्या बाजूने गेली, सेव्हेरस जिंकला आणि तिचं 'प्रांतातलं पहिलं शहर' हे बिरूद गेलं. तिच्या वेशीवरच्या शिलालेखातली त्या बिरुदाची अक्षरं चक्क छिन्नीने खरवडलेली आहेत.

नाणेवेडा:
हो, पण खरवडण्याइतकं ते बिरूद लोकांना महत्त्वाचं वाटत होतं हे पण बघा ना. शेजारच्या निकोमिडिया शहराशी तिचं भांडण पिढ्यानपिढ्यांचं, दिओ ख्रिसोस्तोम हा ग्रीक वक्ता निकोमिडियाच्या लोकांना भर सभेत सांगतो की नावासाठी भांडू नका, रोमन लोक याला हसतात. निव्वळ खुशामतीपायी कुणी शेजाऱ्याशी इतकं वैर धरत नाही. आणि खर्च? मोठी स्पर्धा जिंकून खेळाडू मिरवणुकीने गावात शिरला की त्याला भत्ता त्याचं गाव द्यायचं, रोम नाही.

मृण्मयी:
बरोबर, आणि भत्ता जिंकल्या दिवसापासून की गावात शिरल्या दिवसापासून, हे मात्र त्या प्रांताचा रोमन सुभेदार प्लिनी याने पत्र लिहून सम्राट ट्रेजनला विचारलं. ट्रेजन म्हणाला, शिरल्यापासून. पैसे गावाचे, निकाल सम्राटाचा. त्या मुकुटाकडे बघताना मला हेच दिसतं.