६६ ची मस्टँग हिरव्या ठिपक्यात उचलत नाही. सी-फोर गिअरबॉक्स घरी उघडावा का?

लाल_मस्टँग

नमस्कार मंडळी. मी मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या उत्तरेला राहते. गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या आजोबांकडून त्यांची १९६६ ची मस्टँग घेतली. दोन दारांची कूपे, २८९ चं व्ही-एट इंजिन, दोन बॅरलचा कार्ब्युरेटर आणि फोर्डचा सी-फोर ऑटोमॅटिक. हिवाळाभर गॅरेजात झाकून ठेवली होती (इथे रस्त्यावर मीठ टाकतात, पत्रा खातं). एप्रिलच्या पावसानं रस्ते धुतले गेल्यावर बाहेर काढली आणि तिसऱ्याच सिग्नलला गाडी रुसली.

ज्यांनी ही जुनी गाडी चालवली नाही त्यांच्यासाठी: हिच्या दांड्यावर डी (ड्राइव्ह) नाहीच. पी (पार्किंग), आर (रिव्हर्स), एन (न्यूट्रल), मग एक छोटा ठिपका, मग मोठा हिरवा ठिपका, शेवटी एल (लो). हिरव्यात टाकली की पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत जाते. छोट्या ठिपक्यात टाकली तर थेट दुसऱ्यात उचलते. १९६७ पासून फोर्डनं हा घोळ मिटवला. आजोबा आयुष्यभर छोट्या ठिपक्यातच चालवत होते, कारण एन नंतर तोच येतो. मी पुस्तक वाचून शहाणी झाले आणि हिरवा वापरायला लागले.

आता लक्षणं सांगते. हिरव्यात टाकली की इंजिन नुसतं रेस होतं, गाडी जागची हलत नाही. एल मध्ये टाकली की निमूट निघते. छोट्या ठिपक्यात जडपणे उचलते, पण पुढे तिसरा नीट पडतो. रिव्हर्स उत्तम. तेलाची पातळी बरोबर आहे, रंग थोडा तपकिरी, जळका वास नाही.

इथल्या एका गिअरबॉक्सवाल्याकडे नेली. तो गाडीत बसलासुद्धा नाही. काउंटरवरूनच म्हणाला, सगळं रीबिल्ड, २८०० डॉलर, सहा आठवडे.

माझे वडील एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून निवृत्त झाले. त्यांना व्हिडिओवर दाखवलं. म्हणाले, "क्लच गेलाय." म्हटलं, "अप्पा, हिला क्लच नाही." तर म्हणाले, "पेडल नसेल. क्लच आत असेलच की." नंतर पुस्तकात पाहिलं तर आत खरंच दोन-दोन क्लच निघाले. तेव्हापासून घरात माझी किंमत उतरलेली आहे.

एकच भाग गेला असेल का, की सगळंच काढावं लागेल? मी ब्रेक बदललेत, कार्ब्युरेटर उघडून लावलाय. पोटासाठी ब्रेकच्या कंट्रोलरचं सॉफ्टवेअर लिहिते, त्याचा इथे काडीचा उपयोग नाही. लिफ्ट नाही, जॅक आणि चार स्टँड आहेत. ऑगस्टमध्ये इथल्या वुडवर्ड रस्त्यावर जुन्या गाड्यांची मिरवणूक असते, तोवर व्हावी एवढी इच्छा.

पेठेतला_एक

इतकी कटकट कशाला? तो गिअरबॉक्सचा डबा काढा आणि पाच गिअरचा मॅन्युअल बसवा. अमेरिकेत किट मिळतात. गाडी चालवल्यासारखी तरी वाटेल.

गिरगावकर

पेठेतल्यांना विचारलं नव्हतं तरी उत्तर आलं, हे रीतीला धरून झालं.

ताई, माझ्याकडे ऐंशीच्या दशकात एक इम्पाला होती, पॉवरग्लाइडवाली, दोनच गिअर. तेव्हा मुंबईत ऑटोमॅटिक उघडणारा मिस्त्री म्हणजे देवाचा अवतार, आणि देवासारखाच तो दिसायचा नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर चकरा मारून बँड (आतला ड्रम आवळून धरणारा पट्टा) मिळाला नाही, तेव्हा जुन्या बँडवरच ब्रेकचं लायनर चिकटवून घेतलं. आठ महिने चाललं. नवव्या महिन्यात ते लायनर सोलून तेलात उतरलं आणि मरीन ड्राइव्हवर गाडी टो केली. तुमच्याकडे घरबसल्या अस्सल माल येतो, तेव्हा जुगाड करू नका. आणि जे काढाल त्याचा आधी फोटो, मग हात. मी फोटो काढले नाहीत. शेवटी दोन वायसर उरले, ते अजून माझ्या कपाटात आहेत.

टोलेडोचा_मिस्त्री

ताई, मी ओहायोत एकोणीस वर्षं हेच काम केलं. तुमच्या त्या काउंटरवाल्यानं जे विचारलं नाही ते तुम्ही आपणहून लिहिलंत, त्यामुळे निदान अर्ध्या मिनिटात झालं.

सी-फोरमध्ये दोन क्लच, दोन बँड आणि एक वन-वे क्लच. पुढे जायला फॉरवर्ड क्लच लागतो, तिन्ही गिअरला. तुमची गाडी एल मध्ये निघते, म्हणजे तो ठीक. दुसऱ्या गिअरला पुढचा बँड आवळतो. छोट्या ठिपक्यात उचलते, म्हणजे तो ठीक. तिसऱ्याला आणि रिव्हर्सला एकच क्लच असतो, तोही ठीक. रिव्हर्सला आणि एल ला मागचा बँड धरतो, तोही धरतोय. मग हिरव्या ठिपक्यातल्या पहिल्या गिअरला कोण धरतं? फक्त वन-वे क्लच. सायकलच्या फ्रीव्हीलसारखा: एका बाजूला फिरतो, दुसऱ्या बाजूला अडतो. तुमचा दोन्ही बाजूंना फिरतोय. एल मध्ये मागचा बँड त्याचं काम करतो, म्हणून गाडी निघते.

एक गंमत सांगतो. छोट्या ठिपक्यात गाडी दुसऱ्यात उचलते, तिथे या वन-वेला भार घ्यावा लागत नाही. म्हणजे आजोबांनी पन्नास वर्षं चुकून त्याला सुट्टी दिली. तुम्ही त्याला कामावर बोलावलंत आणि म्हाताऱ्या स्प्रिंगा मोडल्या. माझा अंदाज आहे, उघडल्यावर कळेल.

आता वाईट बातमी. तो वन-वे डब्याच्या अगदी मागच्या तळाशी बसतो. त्याच्या आतल्या रेसचे (रोलर जिच्यावर फिरतात त्या कडीचे) बोल्ट मागून, एक्स्टेन्शन हाउसिंग (डब्याचं मागचं निमुळतं कव्हर) काढल्यावर दिसतात. म्हणजे डबा उतरवावाच लागेल आणि पुढचं सगळं बाहेर काढावंच लागेल. एवढं काढल्यावर साठ वर्षांची रबरी सीलं तशीच ठेवणं हा शुद्ध वेडेपणा. क्लचच्या प्लेटा, सीलं, पॅकिंगं, बुश, मॉड्युलेटर (इंजिनाच्या व्हॅक्यूमवरून डब्यातला दाब ठरवणारा भाग) सगळं नवं घाला. किट मागवताना "६४ ते ६६, हिरवा ठिपका" असं ठणकावून सांगा. व्हॉल्व्ह बॉडी (तेल कुठल्या क्लचला, बँडला जाईल ते ठरवणारा भाग) पुढे बदलली, त्यामुळे फिल्टर आणि पॅकिंग नंतरच्या सालाचं आलं तर बसणार नाही.

उतरवताना: डबा कोरडा असला तरी पन्नास किलोच्या आसपास भरतो. छातीवर घ्यायचं वजन नव्हे, गिअरबॉक्सचा जॅक भाड्यानं आणा आणि साखळीनं बांधा. सी-फोरचा इनपुट शाफ्ट आत नुसता सरकवलेला असतो, कन्व्हर्टर (इंजिन आणि डबा यांना जोडणारं तेलानं भरलेलं गोल भांडं) ओढला की तोही हातात येतो. घाबरू नका, काही मोडलेलं नसतं.

उघडल्यावर: पुसायला चिंधी वापरू नका. एक धागा व्हॉल्व्हमध्ये अडकला की गिअर अडकला. ब्रश आणि हवा वापरा. थ्रस्ट वायसर जागच्या जागी चिकटवायला साधं व्हॅसलिन. ग्रीस लावाल तर ते तेलात विरघळत नाही, फिल्टरमध्ये जाऊन बसतं. नव्या प्लेटा लावण्याआधी टाइप-एफ तेलात बुडवून ठेवा. तेलही तेच भरा, या डब्यासाठी टाइप-एफच आहे, दुकानदार दुसरं गळ्यात मारेल.

प्रत्येक क्लच बसवला की त्याच्या तेलाच्या भोकात कॉम्प्रेसरची हवा मारा. "ठप्" असा आवाज आला पाहिजे. नुसतं "फुस्स" झालं तर सीलची ओठाळी दुमडली आहे, पुन्हा काढा. हे न करता डबा चढवणारे लोक तो दोनदा चढवतात.

पुढून पंप बसवल्यावर शाफ्टचा एंड-प्ले (पुढे-मागे हलायची मोकळीक) डायल गेजनं मोजा. आठ ते बेचाळीस थाऊ (इंचाचे हजारावे भाग) चालतो. जास्त आला तर वेगळ्या जाडीचा वायसर.

बँड बाहेरून अॅडजस्ट होतात. दोन्ही स्क्रू १० फूट-पौंडला कसा, मग ड्रायव्हरच्या बाजूचा पावणेदोन फेरे सोडा, पॅसेंजरच्या बाजूचा मागचा तीन फेरे सोडा. लॉकनट नवेच, जुन्यांतून तेल पाझरतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, इथे मी मोठमोठे बाप्ये रडताना पाहिलेत: कन्व्हर्टर. तो पंपात फिरवत फिरवत ढकलायचा, दोन-तीनदा "खट्" करून आत जातो. शेवटचा खट् राहिला आणि तुम्ही बोल्ट आवळून डबा इंजिनाला चिकटवलात, तर पंपाचा गिअर तडकतो. डबा इंजिनाला हातानं, आवळल्याशिवाय, टेकला पाहिजे. टेकल्यावर कन्व्हर्टर बोटांनी फिरला पाहिजे. फिरत नसेल तर थांबा आणि मागे घ्या.

तुमच्या वडिलांना नमस्कार. क्लच आत असतोच.

लाल_मस्टँग

दादा, हे छापून गॅरेजच्या भिंतीला लावलंय. अप्पांना वाचून दाखवलं. "हा माणूस वर्कशॉपातला आहे" एवढं म्हणाले. त्यांच्याकडून यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र मलाही मिळालेलं नाही.

पेठेतल्या दादा, मॅन्युअल नको. आजोबा अधूनमधून कुंपणापाशी येऊन उभे राहतात. त्यांच्यासमोर ते ठिपके काढून टाकणं मला जमणार नाही.

लाल_मस्टँग (सहा आठवड्यांनी)

हकीकत लिहिते, कुणाला उपयोगी पडेल.

उतरवायला पूर्ण शनिवार-रविवार गेला. त्यातला अर्धा वेळ एक्झॉस्टच्या दोन गंजलेल्या नटांनी खाल्ला, गिअरबॉक्सचा त्यात काही दोष नाही. चेंबर (डब्याखालची तेलाची परात) उघडला तर तळाच्या गाळात स्प्रिंगेचे दोन तुकडे. पुढे सगळं काढत काढत तळाशी पोचले. वन-वेच्या रोलरमागच्या बऱ्याच स्प्रिंगा मोडलेल्या, आणि रेसवर बोटाला लागेल इतके खड्डे. रोलर, स्प्रिंगा, रेस, सगळं नवं घातलं. दादा, तुमचा अंदाज तंतोतंत. काउंटरवाल्याला फोटो पाठवायचा मोह आवरला.

प्लेटा फार वाईट नव्हत्या, तरी बदलल्या. फॉरवर्ड क्लचनं मात्र घाम काढला. हवा मारली तर फुस्स. काढला, पाहिलं, सीलची ओठाळी एका जागी आत दुमडलेली. पुन्हा बसवला, पुन्हा फुस्स. अप्पा फोनवर ऐकत होते, त्यांच्याकडे रात्रीचे अकरा. म्हणाले, "घाई करतेयस. फीलर गेजची सगळ्यात पातळ पट्टी घे, तेलात बुडव, आणि कडेकडेनं ओठाळी आत सरकव. ढकलू नकोस, समजूत काढ." तिसऱ्यांदा ठप् आलं. तिकडून अप्पांनी टाळी वाजवली, आईला जाग आली, दोघांचं त्यावरून थोडं झालं.

एंड-प्ले चोवीस थाऊ आला, वायसर बदलावा लागला नाही. कन्व्हर्टर दोन खट् झाल्यावर मला वाटलं बसला. बोटांनी फिरवून पाहिला, फिरेना. भिंतीवरचा कागद वाचला, मागे घेतला, तिसरा खट्. तो कागद नसता तर मी बोल्ट आवळले असते.

सगळं मिळून, भाड्याच्या जॅकसकट, साडेसहाशे डॉलरच्या आत झालं. माझे तास धरले नाहीत, धरले तर काउंटरवाला स्वस्त पडेल.

आता हिरव्यात टाकली की झोकात उचलते. पण एक अडचण आहे. दुसरा आणि तिसरा फार उशिरा पडतात, आणि पडताना मागून कुणी लाथ मारल्यासारखा धक्का. हलक्या पायानं चालवली तरी तेच. परत उघडावा लागणार का? खरं सांगा, पण हळू सांगा.

टोलेडोचा_मिस्त्री

उघडू नका. मॉड्युलेटरची व्हॅक्यूमची नळी पाहा. इंजिनाच्या व्हॅक्यूमवरून डब्याला कळतं की पाय हलका आहे की जड. नळी फुटली की त्याला वाटतं तुम्ही कायम घाट चढताय, मग दाब वाढतो, गिअर उशिरा आणि धाडकन पडतात. नळी काढून आतही बघा. तेल निघालं तर मॉड्युलेटरचा पडदा फाटलाय. कोरडी असेल तर नळीच.

लाल_मस्टँग

कोरडी होती. डब्याकडच्या टोकाला जो रबराचा कोपरा आहे, तो मी जुनाच लावला होता, कारण "बरा दिसतोय". खालून पूर्ण चिरलेला. दोन डॉलरचा तुकडा बदलला आणि गिअर असे पडतात की लक्ष दिलं नाही तर कळतही नाही.

मागच्या सीलातून रात्रीत एक थेंब पडतो. खाली पुठ्ठा ठेवलाय, पुढच्या रविवारी बघते.

गिरगावकर

अभिनंदन. किती वायसर उरले?

लाल_मस्टँग

एकही नाही काका, दोनदा मोजले. आता खरी काळजी वेगळीच आहे. अप्पा जुलैत येतायत आणि गाडी चालवणार म्हणतायत. चाळीस वर्षं डबल क्लच मारलेला डावा पाय आहे, सिग्नल दिसला की तो क्लच समजून ब्रेकवरच पडणार. आजोबांनी तोडगा सुचवलाय: डाव्या पायातला बूट काढून ठेवायला सांग.