शेडरचं काय?
पीसीला महागडं ग्राफिक्स कार्ड घेतलं की प्लेस्टेशनसारख्या कन्सोलपेक्षा गेम स्मूद चालणारच, असं म्हणतात ते निम्मंच खरं. फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं दिसतात तो आकडा) जास्त मिळतो, मान्य, पण शेडरचं, म्हणजे पडद्यावर प्रत्येक गोष्ट कशी दिसावी हे कार्डाला सांगणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचं, कुणी बोललंच नाही. कन्सोलचं हार्डवेअर ठरलेलं, त्यामुळे शेडर आधीच तयार होऊन गेमसोबत येतात, पीसीवर मात्र ते तुमच्या कार्डाप्रमाणे तुमच्याच मशीनवर बनतात आणि गेमने ते आधी उरकून घेतलं नाही तर ऐन मारामारीत पहिला स्फोट झाला की चित्र गचकन अडकतं. माझं कार्ड चांगलं तगडं आहे तरी हे होतंच, वर ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) अपडेट केला की बऱ्याचदा शेडर पुन्हा बनतात आणि त्याची पट्टी सरकताना बघत बसायचं, तोवर पलीकडे भाऊ कन्सोलवर अर्धी लेव्हल उरकतो. तरी मी पीसी सोडणार नाही, पण ते मॉड्ससाठी, म्हणजे खेळणाऱ्यांनीच गेममध्ये केलेल्या बदलांसाठी हां.