बियर्डेड ड्रॅगन: यूव्हीबी ट्यूब हवीच, की डी-३ची भुकटी पुरते?

शिशिर:
बियर्डेड ड्रॅगन हा पाळीव सरडा घरी आणला की सर्वांत आधी यूव्हीबी ट्यूब, म्हणजे उन्हातल्यासारखे अतिनील (यूव्हीबी) किरण देणारा दिवा घ्या, म्हणजे त्याच्या अंगात डी-३ जीवनसत्त्व तयार होईल, असा आग्रह सर्वत्र धरला जातो. मला तो अवाजवी वाटतो. यूव्हीबी किरण डोळ्यांना दिसत नाहीत. काही महिन्यांनी ते क्षीण होतात, पण ट्यूबचा प्रकाश तसाच राहिल्यामुळे पाळणारा निर्धास्त असतो. ट्यूब आणि प्राणी यांच्यामध्ये साधी काच आली, तर ते जवळजवळ सगळेच अडतात. याउलट डी-३ जीवनसत्त्व मिसळलेली कॅल्शियमची भुकटी कीटकांना लावून मोजून देता येते. मग बेभरवशाच्या ट्यूबवर भिस्त का ठेवावी?

मृण्मयी:
शिशिर, ट्यूबबद्दलच्या तुमच्या तक्रारी खऱ्या आहेत, परंतु निष्कर्ष मला मुळीच मान्य नाही. हा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला, दिवसा उन्हात बसणारा सरडा आहे. यूव्हीबी किरण अंगावर पडले की त्याच्या त्वचेत डी-३चे पूर्वरूप तयार होते, उबेने त्याचे डी-३ होते, आणि गरजेपेक्षा जास्त झालेला भाग त्याच किरणांनी निष्क्रिय घटकांत मोडला जातो. पोटातून दिलेल्या डी-३ला असा लगाम नाही: कमी पडले तर जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, बोटे थरथरतात, अति झाले तर कॅल्शियम मूत्रपिंडांत आणि रक्तवाहिन्यांत साचते. तुम्ही भुकटी मोजता, पण तिच्यातले किती अंगी लागले ते कसे मोजणार? पिल्लांवर केलेला एक अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही रक्तातील डी-३ची पातळी वाढवण्यात यूव्हीबी तोंडावाटे दिलेल्या पूरकापेक्षा स्पष्टपणे प्रभावी ठरले. जबडा मऊ लागेपर्यंत हाडांची हानी बरीच पुढे गेलेली असते, म्हणून या प्रश्नावर मी तडजोड करणार नाही.

ओंकार:
मी मृण्मयींच्या बाजूने आहे, मात्र दोघांच्याही मांडणीत उष्णता मागे पडली आहे. ऊन शेकण्याच्या जागी सुमारे 38 ते 42 अंश सेल्सिअस आणि पेटीच्या दुसऱ्या टोकाला 25 अंशांच्या आसपास तापमान नसेल, तर सरड्याचे पचनच मंदावते. मग ट्यूब असो वा भुकटी, दोन्ही वाया. ट्यूब उष्णतेच्या दिव्याशेजारीच लावावी, म्हणजे ऊब आणि यूव्हीबी उन्हासारखे एकत्र मिळतात. कॅल्शियमची भुकटी मात्र सोडू नये, कारण बहुतेक खाद्यकीटकांमध्ये फॉस्फरस कॅल्शियमपेक्षा जास्त असतो.

शिशिर:
पिल्लांचा अभ्यास आणि लगामाचा मुद्दा वजनदार आहे, हे मान्य. तरीही पेटीच्या वरच्या जाळीवर ठेवलेल्या, अंतर न पाहिलेल्या, मुदत उलटलेल्या ट्यूबखाली राहणाऱ्या प्राण्याला डी-३ची भुकटीच वाचवू शकते. सरसकट "ट्यूब लावा" एवढाच सल्ला मला अजूनही धोक्याचा वाटतो.

मृण्मयी:
सल्ला अपुरा आहे, म्हणून ट्यूब अनावश्यक ठरत नाही. जाळी यूव्हीबीचा बराच भाग अडवते, त्यामुळे ट्यूब पेटीच्या आत, उत्पादकाने सांगितलेल्या अंतरावर लावावी, मुदतीत बदलावी आणि शक्य असल्यास यूव्ही मापकाने तपासावी. डी-३ची भुकटी जोडीला, बेताने द्यावी. ट्यूबच्या जागी नव्हे.