मुंबईचे बंदर ‘नैसर्गिक’ होते, हे कितपत खरे?

शिवडीकर (धाग्याचा प्रस्ताव)

शाळेत भूगोलाच्या पेपरात मुंबईच्या वाढीचे कारण विचारले की एक हुकमी उत्तर असे: ‘मुंबईला नैसर्गिक बंदर लाभले आहे.’ त्याचे दोन गुण मिळत आणि विषय तिथेच संपे. ते दोन गुण मला आता परत करावेसे वाटतात.

व्यापार चौलला, दाभोळला आणि सुरतेला चालत होता तेव्हाही मुंबईचे बंदर जागच्या जागीच होते. १६६१ च्या विवाह-करारात पोर्तुगालने ही बेटे इंग्लंडच्या राजाला दिली आणि १६६८ मध्ये राजाने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केली. पाण्याची खोली तीच होती, वाऱ्यापासूनचा आडोसाही तोच होता. तरीही पुढची शंभर-सव्वाशे वर्षे मुंबई म्हणजे तटबंदीतले एक ठाणे आणि जहाजे बांधण्याची एक चांगली गोदी, याहून फार मोठी झाली नाही. याचे कारण पाण्यात नव्हते, पाठीमागच्या जमिनीवर होते. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, मुंबईलगतची साष्टी मराठ्यांकडे आली आणि ती १७७४ पर्यंत मराठ्यांकडेच राहिली. घाट आणि घाटावरचा मुलूख तर १८१८ पर्यंत पेशव्यांचा होता. ज्या बंदराच्या पाठीशी मुलूख नाही, ते कितीही खोल असले तरी तिथे जहाजात भरायला माल कुठून येणार?

तो माल आणला घाटाने. बोरघाटातून १८३० मध्ये गाडीरस्ता झाला आणि बैलांच्या पाठीवरचा कापूस गाडीत आला. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे ही ३४ किलोमीटरची रेल्वे धावली, तिचे कौतुक आपण दरवर्षी करतो. पण मुंबईच्या दृष्टीने खरा दिवस १८६३ चा, जेव्हा बोरघाटाची चढण रुळांनी सर झाली. १८६५ मध्ये थळघाट झाला, १८६७ मध्ये रूळ नागपूरला पोचले आणि वऱ्हाडचा कापूस थेट धक्क्याकडे येऊ लागला. मध्यंतरी १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि मुंबईत इतका पैसा आला की समुद्र बुजवणाऱ्या कंपन्यांच्या शेअरवर लोकांनी घरेदारे लावली. युद्ध संपले आणि ते सगळे कोसळले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे.

आता खुद्द बंदराकडे पाहा. पूर्व किनाऱ्याला लांबवर चिखल होता. मोठी जहाजे खाडीच्या मध्यावर नांगर टाकून उभी राहत आणि गाठी पडावांतून, मचव्यांतून त्यांच्यापर्यंत न्याव्या लागत. १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला, १८७५ मध्ये ससून डॉक, १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक, १८८८ मध्ये व्हिक्टोरिया डॉक आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक, ज्याला आपण इंदिरा गोदी म्हणतो. ज्या बंदरात जहाज धक्क्याला लावण्यासाठी दरवाजे बसवून पाणी कोंडावे लागते, त्याला ‘लाभलेले’ कसे म्हणायचे?

हा काथ्याकूट जुन्या इतिहासापुरता नाही. एकदा वाढ नैसर्गिक ठरली की ऱ्हासही नैसर्गिक ठरतो. जहाजे मोठी झाली, डॉक अपुरे पडले, म्हणून व्यापार पलीकडे न्हावा-शेव्याला गेला, असे आपण हवामानाविषयी बोलावे तसे बोलतो. प्रत्यक्षात नवी मुंबई वसवण्यासाठी १९७० मध्ये सिडको स्थापन करणे, १९८९ मध्ये नवे बंदर सुरू करणे आणि पूर्व किनाऱ्यावरच्या बंदराच्या सुमारे १८०० एकर जमिनीचे काय करायचे ते अजून न ठरवणे, हे सगळे कोणीतरी घेतलेले किंवा टाळलेले निर्णय आहेत. ‘नैसर्गिक’ या शब्दामागे निर्णय घेणारा दिसेनासा होतो, असे माझे म्हणणे आहे. मतभेद असतील तर अवश्य मांडावेत.

खलाशी

मांडणी आवडली, निष्कर्ष पटला नाही. मी तीस वर्षे जहाजावर काढली आहेत आणि ‘नैसर्गिक बंदर’ म्हणजे काय हे मला जुलै महिन्यात, नैर्ऋत्येचा वारा सुटलेला असताना समजले. बाहेर जहाज गडागडा लोळत असते; कुलाब्याच्या टोकाला वळसा घालून आत आले की पेल्यातला चहा हलत नाही. मुंबईची बेटेच बंदराची भिंत झालेली आहेत, आणि ती भिंत कोणत्याही ट्रस्टने बांधलेली नाही.

निर्णयानेच बंदर होत असेल तर मद्रासचे उदाहरण घ्यावे. राजधानी केली, सत्ता होती, पैसा होता. तरी माणसे आणि माल मसुला होड्यांतून लाटा फोडत किनाऱ्याला न्यावा लागे. शेवटी कृत्रिम बंदराच्या भिंती घातल्या, तर १८८१ च्या वादळाने त्या मोडल्या. सुरतेचे दुखणे असे की तापीच्या मुखाशी वाळूचा दांडा, त्यामुळे मोठे जहाज सुवाळीला थांबणार आणि माल तिथून शहरात जाणार. मुंबईला यांपैकी काहीच सोसावे लागले नाही.

दुसरे असे, की १८१८ पूर्वी बंदराच्या पाठीशी मुलूख नव्हता हे विधान घाईचे आहे. मुलूख घाटापलीकडेच असावा असा नियम नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गुजरातचा कापूस किनाऱ्याकिनाऱ्याने गलबतांतून मुंबईला येत होता आणि इथून चीनला जात होता. पुढे त्याच वाटेवर माळव्याची अफू आली. त्या पैशावर मुंबईतली कोणती घराणी आणि कोणत्या इमारती उभ्या राहिल्या, हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे, परंतु तो पैसा रेल्वेच्या आधीचा आहे.

तिसरा मुद्दा भरतीचा. १७५० च्या सुमारास मुंबईत सुकी गोदी झाली, ती इथे का झाली? उधाणाला इथल्या भरती-ओहोटीत चार मीटरांच्या आसपास फरक पडतो. भरतीला जहाज आत घ्यायचे, दार लावायचे, ओहोटीबरोबर पाणी काढून टाकायचे आणि कोरड्यावर काम करायचे. सुरतेहून आलेल्या जहाजबांधणी-कारागीर लवजी वाडियांचे कसब मोठे होते यात शंका नाही. त्यांच्या घराण्याने मलबारी सागवानात १८१७ मध्ये बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे. पण या किनाऱ्यावरची भरती लवजींनी आणली नव्हती.

गोदीची लेक

दोघांचेही लिखाण वाचले. एकाच्या मते बंदर निसर्गाने दिले, दुसऱ्याच्या मते निर्णयाने. आमच्या घरी दाराच्या मागे खिळ्याला एक लोखंडी आकडा टांगलेला असे. वडील त्याला कोणाला हात लावू देत नसत. कापसाची गाठ ३९२ पौंडांची. ती हलवायची तर आकडा गाठीला आवळलेल्या पट्टीत न अडकवता पट्टीशेजारच्या गोणपाटात खुपसायचा, नाहीतर पट्टी सुटून तोंडावर येते, असे ते सांगत. त्यांच्या डाव्या भुवईवर त्याची खूण होती.

हा आकडा निसर्गात मोडतो की निर्णयात, हे ठरवून सांगावे.

रत्नागिरीचा माणूस आगबोटीने आणि साताऱ्याचा माणूस घाट उतरून आला, म्हणून हे बंदर चालले. रोज सकाळी फाटकाशी उभे राहायचे, टोळीवाल्याने बोट दाखवले तर पाळी मिळायची, नाहीतर परत. यात बदल झाला तो १९४८ च्या गोदी कामगार कायद्याने आणि त्यानंतर उभ्या राहिलेल्या नोंदणीने, म्हणजे शिवडीकर म्हणतात तसा निर्णयानेच. पण तो कोणा साहेबाला सहज सुचलेला नव्हता, त्यासाठी संप झाले होते. आपल्या यादीत चार डॉकांची साले आहेत, हे साल मात्र नाही.

आणखी एक साल सुटले आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला. एकाच जहाजात दारूगोळा, कापसाच्या गाठी आणि सोन्याच्या विटा होत्या. शेकडो माणसे गेली, त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जण होते. सोन्याची वीट गाळातून निघाली की बातमी होत असे. माणसांचा हिशेब आजपर्यंत एका आकड्यावर आलेला नाही.

पूर्व किनाऱ्याबद्दल एकच सांगते. माझे बालपण गोदीच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर गेले, आणि समुद्र मी पहिल्यांदा गिरगाव चौपाटीवर पाहिला. आमच्या बाजूला समुद्र आहे हे भोंग्यावरून कळे.

जासईकर

शिवडीकरांच्या ‘निर्णय’ या शब्दाला माझा पाठिंबा आहे, पण तो त्यांनी फार हलक्या हाताने वापरला आहे. ‘१९७० मध्ये सिडको स्थापन करणे’ एवढ्या एका ओळीत, जमिनी गेलेली ९५ गावे बसली आहेत. आमच्याकडे उरणच्या बाजूला भातशेती होती, मिठागरे होती, खाडीची मासळी होती. १९८४ च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, जमिनीच्या मोबदल्यासाठी उतरलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. दि. बा. पाटील यांनी चालवलेल्या त्या लढ्यातून, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व आले. ते कागदावर येणे आणि भूखंड हातात पडणे यांत काही घरांची एक पिढी गेली.

मी बंदराच्या विरोधात नाही. माझा पुतण्या कंटेनर यार्डात कारकून आहे, शेजारच्या दोन घरांचे ट्रेलर आहेत. ज्या बंदरातून आज वर्षाला साठ लाखांहून अधिक कंटेनर-एकके जातात, त्यावर उरण-पनवेल जगतो हे मान्य आहे. आक्षेप इतकाच, की मुंबईकर जेव्हा ‘बंदर पलीकडे गेले’ म्हणतात, तेव्हा पलीकडे कोणी राहत होते याचा उल्लेखही नसतो. आणि मुंबईचे बंदर मेलेलेही नाही. माहूलच्या तेलशुद्धीकरणासाठी जवाहर द्वीपावर उतरणारे कच्चे तेल धरून तिथे आजही वर्षाला सहा कोटी टनांहून जास्त माल हाताळला जातो. आमच्याकडे आले ते कंटेनर.

शिवडीकर

गोदीची लेक यांनी दाखवलेली उणीव मान्य आहे, तिच्यावर मखलाशी करत नाही. जासईकरांची तक्रारही रास्त आहे.

खलाशी यांच्या गुजरातच्या कापसाच्या मुद्द्यावर मी माघार घेतो. घाटाच्या प्रेमात मी किनारा विसरलो. मात्र मद्रासचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. इतके गैरसोयीचे असूनही तिथे महानगर झालेच, आणि भिंती मोडल्या तरी पुन्हा बांधून बंदरही झाले.

डहाणूजवळच्या वाढवणच्या नियोजित बंदराचेच पाहा. तिथे सुमारे वीस मीटर नैसर्गिक खोली आहे, हे त्या जागेच्या बाजूने सांगितले जाणारे पहिले कारण. जून २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. त्यात समुद्रात १४४८ हेक्टर भराव आणि १०.१४ किलोमीटर लांबीची लाटरोधक भिंत आहे. दहा किलोमीटर भिंत घालावी लागणाऱ्या ठिकाणाला ‘नैसर्गिक’ हे विशेषण चिकटते, आणि डहाणूच्या मच्छीमारांची हरकत मग निसर्गाविरुद्धची हरकत भासू लागते. माझा राग त्या विशेषणावर आहे.

खलाशी

इथे आपण खोली आणि आडोसा यांची गल्लत करता. वाढवणला खोली आहे, आडोसा नाही, म्हणून भिंत. मुंबईला आडोसा आहे, पण आजच्या जहाजांना पुरेल इतकी खोली नाही, म्हणून खाडीतला जलमार्ग उपसून खोल केला आहे आणि तो पुन्हा पुन्हा उपसावा लागतो, कारण गाळ सुट्टी घेत नाही. भिंत एकदा घालायची आणि गाळ कायम काढायचा, यांतला फरक पैशात मांडता येतो. मच्छीमारांची हरकत मी खोटी म्हणत नाही. तिचे उत्तर मोबदल्याने, मासेमारीच्या हद्दींनी आणि न्यायालयात द्यावे लागेल. पण ‘नैसर्गिक’ हा शब्द पुसून टाकल्याने समुद्राचा तळ एक फूटही वर-खाली होणार नाही.

शिवडीकर

तळाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. प्रिन्सेस डॉकचे खोदकाम चालू असताना चिखलाखाली बुडालेल्या जंगलाची खोडे सापडली होती, त्यांत खैराची झाडे होती. म्हणजे तिथे आधी जमीन, मग खाडी, मग १८८० चा डॉक. आणि आमच्या डोळ्यांदेखत कंटेनरच्या जागेसाठी तो डॉक भराव घालून बुजवला, त्यामुळे आता पुन्हा जमीन. यांतली कोणती अवस्था नैसर्गिक धरायची, ते आपण ठरवा.

खलाशी

डॉक खोदला तो ठरावाने आणि बुजवला तोही ठरावाने, हे मान्य. पण खैराचे ते जंगल कोणाच्याही ठरावाशिवाय बुडाले होते, एवढे आपणही नोंदवून ठेवावे.