रोजच्या फोटोंसाठी रंगीत रोल कसा निवडता? आपले अनुभव लिहा

धागाकर्ता
कपाटातले जुने कॅमेरे पुन्हा बाहेर निघू लागले आहेत, पण रोल इतके महाग झाले आहेत की चार प्रकार आणून वापरून पाहणे आता परवडत नाही. म्हणून घरची माणसे, सणवार आणि सहज फिरणे टिपण्यासाठी आपण 35 मिमीचा कोणता रंगीत निगेटिव्ह रोल वापरता, किंवा पूर्वी वापरत होता, आणि का, हे सविस्तर लिहावे. स्लाइड आणि कृष्णधवल फिल्म या धाग्यात नको. माझे मत असे की कंपनीच्या आधी रोलचा वेग (100, 400 असा आकडा; तो जितका मोठा तितका कमी उजेड पुरतो) ठरवावा, आणि तो ठरवताना कड्यावरचे ऊन नव्हे, तर आपण नेहमी ज्या कमीत कमी उजेडात फोटो काढतो तो उजेड डोळ्यांपुढे ठेवावा.

सदाशिवपेठी
धागाकर्त्यांशी सहमत आहे. नव्वदच्या दशकात आमच्या घरी याशिका एमएफ-2 होता आणि त्यात बहुधा 100 चा कोडॅक किंवा कोनिका रोल भरलेला असे, कारण दुकानदार तोच पुढे करी. सिंहगडावरचे फोटो लख्ख येत. वाड्यातल्या माजघरात मात्र फ्लॅश उडाला की पुढचा चेहरा पांढराफटक आणि मागचे सगळे घर काळोखात, अशी गत होई. आता माझ्याकडे हाताने सगळे जुळवायचा एसएलआर (भिंगातूनच पाहून फोटो घ्यायचा कॅमेरा) आहे. पावसाळी दुपारी खिडकीशी तांदूळ निवडत बसलेल्या आईचा फोटो घ्यायचा तर एफ 2.8 वर, म्हणजे भिंगाचे तोंड मोठे उघडूनही, 100 चा रोल 1/15 सेकंद मागतो, आणि तिचे हात काही तेवढा वेळ थांबत नाहीत. 400 च्या रोलवर तोच फोटो 1/60 ला मिळतो. भर उन्हातही अडत नाही, कारण एफ 16 (भिंगाचे लहान तोंड) आणि 1/500 कॅमेऱ्यात असतातच. म्हणून मी कोडॅकच्या अल्ट्रामॅक्स 400 वर स्थिरावलो आहे. त्याचा दाणा (फोटोत दिसणारी रवाळ टिपके) 4×6 इंची प्रिंटवर शोधूनही सापडत नाही. मोठी प्रिंट काढल्यावर दिसतो, पण रोजच्या फोटोंपैकी किती आपण मोठे करतो?

अंधारखोली
मी सोलापुरात मिनिलॅबच्या (दुकानातच रोल धुऊन प्रिंट काढणाऱ्या) यंत्रावर बरीच वर्षे काम केले आहे, त्यामुळे दुकानाच्या आतली बाजू सांगतो. 1972 साली आलेली सी-41 ही रोल धुण्याची प्रक्रिया पुढे सर्व कंपन्यांच्या रंगीत निगेटिव्हसाठी एकच झाली: 37.8 अंश सेल्सिअसचा डेव्हलपर आणि सव्वातीन मिनिटे. रोल कोडॅकचा असो की फुजीचा, धुलाई तीच. फरक पडे तो प्रिंट काढताना. काळोख्या मंडपात उभ्या असलेल्या नवरीचा फोटो आला की यंत्र सगळ्या चौकटीची सरासरी काढून प्रिंट फिकट करी. मागचा काळोख राखाडी होई आणि चेहरा धुपून जाई. तेव्हा डेन्सिटीचे बटण दाबून प्रिंट गडद करणे हे चालवणाऱ्याचे काम होते. लग्नसराईत रात्री शेकडो प्रिंट काढताना ते प्रत्येक वेळी होत नसे, आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येऊन रोलला नावे ठेवी. आज स्कॅनच्या बाबतीतही तेच आहे, म्हणून दोन रोलांची तुलना करायची असेल तर दोन्ही एकाच लॅबकडे, एकाच दिवशी द्यावेत.

रोल चांगला की वाईट हे प्रिंटवरून ठरवण्याआधी निगेटिव्ह पांढऱ्या उजेडावर धरून पाहावी. सावलीच्या भागात काहीच न उमटता नुसता कोरा नारिंगी रंग दिसत असेल तर फोटो अंडर आहे, म्हणजे त्याला उजेड कमी पडला आहे, आणि तिथे जे उमटलेलेच नाही ते कोणतेही यंत्र आणून देऊ शकत नाही. उलट दोन स्टॉप ओव्हर झालेली, म्हणजे चौपट उजेड मिळालेली, निगेटिव्ह जाड (गडद) दिसते, पण तिच्यातून समाधानकारक प्रिंट निघते. माझ्या मते उजेड मोजणाऱ्या मीटरवर भरवसा नसलेल्याने 400 च्या रोलसाठी कॅमेरा 200 वर लावून, म्हणजे दुप्पट उजेड देऊन, निर्धास्त राहावे.

वाशिष्ठीकाठ
आमच्याकडे चार महिने आभाळ भरलेले आणि जिकडेतिकडे हिरवे. मला फुजीचा सुपेरिया एक्स-ट्रा 400 आवडे, कारण भाताचा पोपटी आणि फणसाचा काळपट हिरवा त्यात वेगवेगळे राहत. आता फुजीच्या 200 च्या खोक्यावर ‘अमेरिकेत बनवलेली’ असे छापलेले पाहिले तेव्हापासून आतली फिल्म फुजीचीच असेल असे धरून नुसत्या हिरव्या खोक्यावर विसंबत नाही. दमट हवेत राहणाऱ्यांनी रोल फ्रिजमध्ये ठेवावा, वापरण्यापूर्वी काही तास डबी न उघडता बाहेर ठेवावा म्हणजे फिल्मवर दव धरत नाही, आणि संपलेला रोल दिवाळीपर्यंत न ठेवता लगेच धुवायला द्यावा.

धागाकर्ता
गणपतीच्या आराशीचे फोटो कोणत्या रोलवर काढता? माझ्याकडे साध्या बल्बखाली सगळे पिवळे येते.

टिपकागद
ते तसेच यायचे, कारण हे रोल दिवसाच्या उजेडासाठी, म्हणजे सुमारे 5500 केल्विनसाठी (उजेडाच्या रंगाचे माप), बनवलेले असतात. बल्बखाली पिवळे-नारिंगी आणि जुन्या ट्यूबखाली हिरवट. फुजीने 1989 मध्ये रिअला ही फिल्म काढली तेव्हा तिच्यात रंग ओळखणारा चौथा थर घातला होता, आणि ट्यूबच्या उजेडात त्याचा फायदा होई. आज आराशीसाठी 400 चा रोल एक स्टॉप ओव्हर ठेवावा आणि उरलेला पिवळेपणा स्कॅनमध्ये कमी करून घ्यावा. कोडॅकची एकटार 100 मात्र माणसांसाठी टाळावी. तिचा दाणा फार बारीक आणि रंग भडक, पण चेहरे तांबूस येतात. ती पैठणीसाठी वापरावी, नेसणारीसाठी नको.

एडिसनहून
चेहऱ्यांचाच विषय निघाला आहे तर कोडॅकच्या पोर्ट्रा 400 बद्दल लिहितो. तिची सध्याची आवृत्ती 2010 ची. तिचा कॉन्ट्रास्ट (उजळ-गडद भागांतला फरक) सौम्य असल्याने पांढरा सदरा आणि सावळा चेहरा एकाच फोटोत दोन्ही सांभाळले जातात. ती महाग पडते, म्हणून मुंजी-बारशाला पोर्ट्रा आणि मुलांना बागेत नेताना कोडॅकचाच गोल्ड 200, अशी मी वाटणी केली आहे. भारतात येताना न धुतलेले रोल चेक-इन सामानात कधीही टाकू नयेत. हातातल्या सामानासाठी काही विमानतळांवर आता सीटी स्कॅनर (जास्त तीव्र क्ष-किरणांची तपासणी यंत्रे) आले आहेत आणि त्यांनी 200 चा रोलही धुरकट होऊ शकतो. रोल पारदर्शक पिशवीत ठेवून हाताने तपासण्याची विनंती करावी. ती सगळीकडे मान्य होईलच असे नाही, त्यामुळे शक्य तेवढे रोल मी जिथे काढले तिथेच, प्रवासाआधी, धुऊन घेतो.

रिळंवाला
स्वस्त म्हणून सिनेमाच्या फिल्मचे तुकडे भरलेले रोल मिळतात, त्याविषयी थोडेसे. त्यांपैकी अनेकांच्या पाठीवर काजळीचा काळा थर असतो आणि त्यांची धुण्याची प्रक्रिया ईसीएन-2 ही सिनेमाच्या फिल्मची असते, सी-41 नव्हे. असा रोल नेहमीच्या यंत्रात गेला तर काजळी रसायनात उतरते आणि तुमच्याबरोबर इतरांचेही रोल खराब होतात. काळा थर काढून विकलेल्या रोलना सी-41 चालते, मात्र रात्रीच्या दिव्यांभोवती लाल वलय येते. विकत घेताना थर आहे की काढला आहे हे विचारून घ्यावे आणि लॅबवाल्याला रोल देतानाच तसे सांगावे.