मदत हवी आहे: सायकल टूरसाठी ब्रीदेबल (पाणी अडवून घामाची वाफ बाहेर सोडणारं) जॅकेट घ्यावं की साधा रेनकोट?

मंडळी, पॅनिअर (सायकलच्या कॅरिअरला अडकवायच्या बॅगा) लावून लांबच्या टूरला निघायचंय, पाऊस जवळजवळ रोज असणार. घोडं जॅकेटवर अडलंय.

गोअर-टेक्ससारख्या कापडातून घामाची वाफ बाहेर जाते ती आतल्या आणि बाहेरच्या हवेतल्या बाष्पदाबाच्या फरकामुळे. मग हवा उबदार, दमट आणि वर चढाचा रस्ता असेल, तर तो फरक उरतो तरी किती? शिवाय पाणी झटकणारं वरचं कोटिंग (डीडब्ल्यूआर) झिजलं की बाहेरचं कापड पाणी पितं आणि वाफेची वाट जवळपास बंद. धुऊन, हलकी ऊब देऊन ते पुन्हा सुधारतं खरं, पण टूरवर हे कोण करत बसणार!

उलट पीव्हीसीचा साधा रेनकोट पाणी आत येऊ देत नाही, पण घामाची आंघोळ ठरलेली. काखेत झिप आणि पाठीवर झडप असेल तर निभतं का? केप (अंगावर सैल पांघरायचा बिनबाह्यांचा रेनकोट) खालून मोकळी असते, पण समोरून वारा आला की तिचं शीड होतं.

थंड पावसात ब्रीदेबल, उबदार पावसात सरळ भिजावं, असं मत बनत चाललंय. सलग पावसात टूर केलेल्यांनी अनुभव सांगा. आणि हो, पावसाळी पँट खरंच लागते का?