घरचा ग्रुप : हळद काढायच्या आधी बेण्याचं ठरवू

मी :
अस्सलामु अलैकुम सगळ्यांना. हळदीची पानं पार बुंध्यापर्यंत वाळली. लावणीला पावणेनऊ महिने झाले, पाणी पंधरा दिवसांपूर्वीच तोडलंय. जुम्मा झाला की शनिवारी-रविवारी काढणी करू म्हणते. त्याआधी एक गोष्ट इथेच ठरवून टाकू, कारण बांधावर उभं राहून ठरवायला गेलं की प्रत्येकाच्या हातात पिशवी असते. माझं म्हणणं असं : आधी बेणं, म्हणजे पुढच्या लावणीचे गड्डे, बाजूला, मग उश्र, म्हणजे पिकातला गरिबांना द्यायचा हिस्सा, मग घरोघरचे वाटे.

छोटी फुफी :
वअलैकुम अस्सलाम. माशाअल्लाह, यंदा पीक चांगलं दिसतंय. बेणं विकतही मिळतं ना गं? घरचं सगळं शिजवलं तर चार घरांना वर्षभर पुरेल.

मी :
फुफी, विकतच्या बेण्याचं काय झालं ते आठवा. गेल्या वर्षी अर्धे वाफे त्याच बेण्याचे होते. आधी पानांच्या कडा पिवळ्या पडल्या, मला वाटलं खत कमी पडलं. मग एक झाड हातात धरून हलकेच ओढलं, तर खोड अलगद निघून आलं. खाली बुंधा काळपट, पाणी सुटलेला, आणि वास असा की हात दोनदा धुवूनही जाईना. कंदकूज. बरोबर त्याच रांगेत पाणी साचत होतं, तिथून ती पुढच्या रांगांत गेली. पण आली ती बेण्यातूनच, कारण शेजारच्या वाफ्यात घरचं बेणं होतं आणि तिथे एकही झाड गेलं नाही. म्हणून एवढा हट्ट करतेय.

आणि दुसरी चूक आपल्याच घरची. उरलेलं घरचं बेणं आम्ही दोन दिवस उन्हात ताडपत्रीवर ढीग करून ठेवलं होतं. ढिगात हात घातला तर आत गरम लागत होतं. त्यातल्या कितीतरी गड्ड्यांचे डोळे फुटलेच नाहीत.

भाईजान :
किती काढायचं बेणं?

मी :
पुढच्या वर्षी तेवढेच वाफे धरले तर साधारण 20 किलो. जेठे गड्डे घेऊ, म्हणजे मधले मूळ कंद, गोल, टणक, 50 ग्रॅमच्या वरचे, डोळे शाबूत असलेले. कुदळ लागलेला एकही नको, जखमेतूनच कूज शिरते. काढताना कुदळ झाडापासून लांब मारा आणि माती हातानं झाडा, धुऊ नका.

मोठे चाचा :
बेटा, बेण्याचं तुझं पटलं. पण क्रम बदल. आधी सगळ्याचं वजन, बेण्यासकट. उश्र एकूण उत्पन्नावर असतो, खर्च आणि बेणं वजा करून उरेल त्यावर नाही. वजन झालं की मग तुझं बेणं बाजूला काढ.

मी :
बरोबर चाचा. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. आणि हिस्सा किती? पावसाळ्यात पावसावरच होतं, नंतर मोटरनं दिलं.

मोठे चाचा :
पावसाच्या किंवा झऱ्याच्या पाण्यावर आलेल्या पिकाचा दहावा हिस्सा, उपसून पाणी दिलं तर विसावा. दोन्ही असेल तर जास्त काळ कोणतं पाणी होतं ते बघायचं. पावणेनऊ महिन्यांत पाऊस चार महिने. म्हणजे विसावा. 200 किलो ओली हळद निघाली तर 10 किलो. आणि काढणीच्या दिवशीच. सूरह अल-अनआमच्या 141व्या आयतीत तेच सांगितलंय, कापणीच्या दिवशी त्याचा हक्क द्या. नंतर देऊ म्हटलं की राहून जातं.

अम्मी :
आमच्या माहेरी शाफई मजहब पाळतात. तिकडे भाजीपाल्यावर आणि मसाल्यावर उश्र धरत नाहीत, साठवून पोट भरता येईल असं धान्य, खजूर, द्राक्षं एवढंच. तेही पाच वसक झाल्यावर, वसक म्हणजे धान्याचं जुनं माप.

मोठे चाचा :
भाभी, तेही बरोबर आहे. इमाम अबू हनीफांच्या मतानं जमिनीतून पिकवलेल्या सगळ्यावर आहे, थोडं असो की जास्त, भाजीसुद्धा. त्यांच्याच दोन शागिर्दांनी, इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद यांनी, टिकणारं पीक आणि पाच वसकची अट धरली. आपल्या वडिलांनी पहिल्या मतावर अमल केला, म्हणून आपणही करतो.

अम्मी :
मी वाद घालत नाही भाऊजी. लग्न होऊन आले तेव्हापासून मेथीची जुडीसुद्धा मोजून दिलीय. माझ्या मनात ती सदक्याच्या, म्हणजे खुशीच्या दानाच्या नियतीनं दिली, तुमच्या हिशोबात उश्र. घेणाऱ्याच्या घरी भाजी शिजली हे महत्त्वाचं.

भाभी :
हळदीचं झालं असेल तर मिरचीचं बोलू का? पाखरं लाल मिरच्या फोडून ठेवतायत. जाळी टाकू या का? एवढं तिखट ती खातात तरी कशी?

मी :
पाखरांना तिखट लागतच नाही भाभी. आपल्या जिभेला जो दाह होतो तो त्यांना जाणवत नाही, आणि बीही पोटातून अख्खं बाहेर पडतं. कुंपणाजवळ आपोआप उगवलेली ती दोन रोपं त्यांनीच लावलीत. बियाण्यासाठी राखलेल्या चार झाडांवर तेवढी जाळी टाकते.

अम्मी :
तेवढ्यावरच टाक. मुसलमानानं लावलेल्या झाडातून, पेरलेल्या पिकातून माणूस, पाखरू, जनावर जे खाईल तो त्याचा सदका लिहिला जातो. बाकीची झाडं उघडी राहू देत.

भाईजान :
मिरचीची पानं वर वळून होडीसारखी झालीत. फवारू का काही?

मी :
वर वळली म्हणजे फुलकिडे. खाली वळली असती तर कोळी कीड. निंबोळी अर्क पुरेल, अर्धा किलो कुटलेली निंबोळी 10 लिटर पाण्यात रात्रभर भिजव, सकाळी कपड्यानं गाळ आणि संध्याकाळी फवार. पानांच्या खालच्या बाजूला जाऊ दे, किडे तिथे बसतात.

भाभी :
आणि रमजानसाठी कोथिंबीर?

मी :
अब्बांच्या वहीत सहा वर्षांपूर्वीच्या पेरणीच्या तारखा आहेत, पण त्या जशाच्या तशा घेऊ नका. रमजान दरवर्षी 10-11 दिवस अलीकडे येतो, म्हणजे आता जवळजवळ दोन महिने सरकलाय. हवा वेगळी असणार. चाँदच्या अंदाजानं 40 दिवस मागे मोजून पहिली पेरणी, मग दर दहा दिवसांनी एक ओळ. धणे रगडून दोन फाका करायचे आणि रात्रभर भिजत घालायचे. ऊन वाढलं की कोथिंबीर पानं सोडून फुलावर जाते, म्हणून शेवटच्या दोन ओळी शेवग्याच्या सावलीत. पुदिन्याला फक्त ओल हवी, तो तयारच आहे.

छोटी फुफी :
मग यंदाच्या हळदीच्या वाफ्यात आलं लावशील का? मला ओलं आलं हवंय.

मी :
त्या वाफ्यात नको फुफी. आलं आणि हळद एकाच कुळातली, कूजही दोघांना तीच लागते. तिथे तीन वर्षं मेथी, घेवडा, वाटाणा. जमिनीला नत्रही मिळेल. आलं विहिरीकडच्या उंच वाफ्यात लावते, तिथून पाणी निघून जातं. तुमच्यासाठी एक रांग वेगळी धरते.

मोठे चाचा :
ठरलं मग. शनिवारी फज्रच्या, पहाटेच्या नमाजनंतर काढणी. वजन मी वहीत लिहीन. उश्राचे 10 किलो ओलेच द्यायचे की शिजवून?

अम्मी :
ज्यांना द्यायचं त्यांच्याकडे कढई आहे का, जागा आहे का? हळद तासभर शिजवायची, दहा-पंधरा दिवस वाळवायची. आपल्या घाण्यातच शिजवून, वाळवून द्या. 10 किलोची दोन-सव्वादोन किलो होईल, पण ती सरळ तिखट-मिठाच्या डब्यात जाईल.

मोठे चाचा :
मग हिस्सा त्याच दिवशी वेगळा मोजून त्यावर चिठ्ठी लावू. घाण्यात आपल्यात मिसळायचा नाही.

भाईजान :
पडवी मी उद्या झाडून ठेवतो. बेण्याखाली हळदीचाच वाळलेला पाला घालायचा ना?

मी :
खाली आणि वर, दोन्हीकडे. ढीग गुडघ्याएवढाच. दर जुम्म्याला एकदा हात घालून बघायचं, मऊ लागेल तो गड्डा लगेच बाहेर.